जळणाच्या ढलप्या कशा साठवाव्यात



पावसाळ्याची बेगमी ही आपल्या भागात कोणाला शिकवावी लागत नाही. मिरच्या, चिंच, आमसुले, सुकी मासळी, कांद्याच्या माळा हे सगळे मे महिन्यात घरोघरी होतेच. घाटाखाली गोव्यात या बेगमीला पुरुमेंत म्हणतात, आणि मडगावला पवित्र आत्म्याच्या सणाच्या सुमारास त्यासाठी मोठे फेस्त भरते. पण या सगळ्या बेगमीत जळणाकडे आपण सर्वांत शेवटी पाहतो. आभाळ भरून आले की मग धावाधाव होते, आणि हाताला लागेल त्या ताडपत्रीखाली लाकूड ढकलले जाते. मिरची भिजली तर घरात बोलणी बसतात. जळण भिजले तर फक्त चुलीपुढे बसणारी बाई खोकते, आणि त्या खोकल्याची सवय होऊन जाते.

या वेळी आम्ही ओंडक्यांविषयी नव्हे, ढलप्यांविषयी लिहीत आहोत. ढलप्या म्हणजे फांद्यांचे बोट-दोन बोटे लांबीचे तुकडे. सुताराकडच्या आणि वखारीतल्या ढलप्या आपल्या ओळखीच्याच आहेत. अलीकडे ट्रॅक्टरवर चालणारे श्रेडर यंत्र भाड्याने मिळू लागल्यापासून काजूची छाटणी, निलगिरी आणि आकेशियाचे शेंडे, वाऱ्याने मोडलेल्या फांद्या यांच्याही ढलप्या होऊ लागल्या आहेत. पूर्वी हा माल बांधावर जाळून टाकत. तो आता जळण म्हणून घरी येतो, ही चांगली गोष्ट आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, तेव्हापासून पुष्कळ घरांत सिलिंडर आला हे खरे. तरी न्हाणीचे पाणी, गुरांचे आंबोण, भात उकडणे आणि लग्नाचा स्वयंपाक यांना अजूनही लाकूडच लागते. तेव्हा ढलप्या घ्याव्यात, जाळाव्यात. मात्र ढलप्यांचा ढीग हा लाकडांच्या राशीसारखा मुकाट पडून राहत नाही. तो आतून जिवंत असतो. हे आम्हाला फार उशिरा, आणि दुसऱ्याच्या जिवावर कळले.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्यावरून वर गेले, त्याच्या वाऱ्याने आमच्या आवारातला एक जुना गुलमोहर आणि आकेशियाची तीन झाडे आडवी झाली. पाऊस तोंडावर होता. आम्ही श्रेडर मागवले, दोन दिवसांत सगळ्याच्या पानांसकट ढलप्या करून घेतल्या, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून छातीएवढा ढीग रचला आणि निळी ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट आवळून कडांवर चिरे ठेवले. काम नीटनेटके दिसत होते. आम्हाला त्याचा अभिमानही वाटला, हे लपवत नाही.

जूनच्या शेवटी आमच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मावशी रोज सकाळी त्यातून दोन बुट्ट्या भरून न्हाणीच्या चुलीसाठी नेऊ लागल्या. ताडपत्री उचलली की आतून वाफ येई आणि पांढरी पूड उडे. एका संध्याकाळी त्यांना थंडी वाजून ताप आला, छाती भरून आली. दिवस कोविडचे होते. तपासणी झाली, काही निघाले नाही. दोन दिवस घरी राहिल्या, बऱ्या झाल्या, पुन्हा कामावर आल्या, आणि त्याच संध्याकाळी पुन्हा ताप. तिसऱ्या वेळी त्या आम्हाला म्हणाल्या, "फादर, त्या ढिगाला हात लावला की मला ताप येतो." आम्ही हसलो. लाकडाने कुठे ताप येतो का, असे काहीसे बोललोही. पुढे एका डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि विचारले, ताप येतो त्या दिवशी सकाळी तुम्ही काय करता? मावशींनी तेच उत्तर दिले, आणि डॉक्टर मात्र हसले नाहीत.

या आजाराला इंग्रजीत शेतकऱ्याचे फुफ्फुस अशा अर्थाचे नाव आहे. ओलसर गवत, धान्य, उसाचा चोथा किंवा लाकूड यांवर वाढलेल्या बुरशीचे आणि जिवाणूंचे कण श्वासातून खोल छातीत जातात. हे कण इतके बारीक असतात की डोळ्यांना ते धुरासारखे किंवा पिठासारखे दिसतात. ज्याच्या शरीराला ते सोसत नाहीत त्याला चार ते आठ तासांनी ताप, थंडी, कोरडा खोकला आणि धाप लागते. सकाळचे काम आणि संध्याकाळचा ताप, म्हणून कोणाला त्यांचा संबंध लागत नाही. दोन दिवस दूर राहिले की बरे वाटते, म्हणून फ्लू समजून विसरतात. पण महिनोन्‌महिने असेच चालू राहिले तर फुफ्फुसाला कायमचे व्रण पडतात आणि मग औषधाने ते भरून निघत नाहीत. स्वीडनमधल्या लाकूड कापण्याच्या गिरण्यांतल्या कामगारांत, आणि साखर कारखान्यांजवळ जुन्या चोथ्याच्या गंजी उपसणाऱ्यांत, हाच आजार वेगवेगळ्या नावांनी नोंदला गेला आहे. आपल्याकडे पावसाळ्यात तापाची इतकी कारणे असतात की हे कारण कोणी विचारतच नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्या दिवशी कोणते काम केले ते आपण होऊन सांगावे.

आणखी एक सूचना इथेच द्यावीशी वाटते. ज्यांना पूर्वी क्षयरोग होऊन गेला आहे आणि छातीत जुनी पोकळी राहिली आहे, किंवा ज्यांना दमा आहे, त्यांनी बुरसटलेल्या ढिगाला अजिबात हात लावू नये. ढिगात वाढणाऱ्या बुरशीपैकी एक जात अशा जुन्या पोकळीत घर करू शकते, आणि मग थुंकीतून रक्त पडण्यापर्यंत गोष्ट जाते.

मावशींना औषध मिळाले. पण खरे औषध म्हणजे ढिगापासून दूर राहणे. ते आम्ही त्यांच्या पहिल्या सांगण्यावर करायला हवे होते. आज त्या ठीक आहेत, तरी चढण चढताना थांबतात.

ढीग का तापतो

ओले गवत गंजीत रचले तर गंजी आतून तापते, हे आपल्या वाडवडिलांना माहीत होते. शेणखताचा ताजा ढीग पहाटे वाफ टाकतो हेही आपण पाहतो. ढलप्यांचे तसेच आहे. हिरवे लाकूड तोडले तरी त्यातल्या पेशी काही दिवस जिवंत असतात, श्वास घेतात आणि उष्णता सोडतात. मग बुरशी आणि जिवाणू येतात. अखंड ओंडक्याला बाहेरून साल असते, आत त्यांना शिरकाव कमी. त्याच ओंडक्याच्या ढलप्या केल्या की हजारो नव्या तोंडांनी आतली ओल आणि गोडवा त्यांच्यापुढे उघडा पडतो. पाने आणि कोवळी साल त्यात असली तर मेजवानीच. जी उष्णता होते ती ढिगाच्या मध्यातून बाहेर पडू शकत नाही, कारण ढलप्या घोंगडीसारख्या काम करतात. मोठ्या ढिगात काही दिवसांतच आतले तापमान ६० ते ७० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढते. कारखान्यांच्या आवारातले डोंगराएवढे ढीग कोणी काडी न लावता पेटले आहेत.

घरगुती ढीग पेटण्याची भीती फारशी नसते, पण तापतो आणि बुरसटतो तो नक्कीच. शिवाय हे जीव जे खातात ते आपले जळणच असते. ओल्या ढिगातून महिन्याला शेकडा एक-दोन भाग, कधी त्याहूनही अधिक, सुके लाकूड असे नुसते हवेत निघून जाते. ताडपत्री घट्ट आवळली की आतली वाफ वर जाऊन प्लास्टिकला लागते, थंड होते आणि पुन्हा ढलप्यांवर ठिबकते. आमच्या ढिगाचा वरचा हातभर थर सर्वांत खराब निघाला, तो असा. आम्ही पाऊस बाहेर ठेवला आणि पाणी आत कोंडले.

ढीग आतून तापला आहे की नाही हे पाहण्यासाठी एक साधी युक्ती आहे. पहार मध्यापर्यंत खुपसून अर्धा तास ठेवावी, मग उपसून टोकाकडचा भाग हाताने चाचपावा. कोमट लागली तर ढीग लगेच पसरावा. हात ठेववत नसेल तर तो उपसण्याची घाई एकट्याने करू नये. आणि जळका वास किंवा निळसर धूर असेल तर मुळीच उकरू नये, कारण आत हवा गेली की भडका उडतो. अशा वेळी पाणी हाताशी ठेवून अग्निशमन दलाला बोलवावे.

वाळवणे

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ अर्धे पाणी असते. म्हणजे १०० किलो हिरव्या ढलप्या घेतल्या तर ५० किलो पाण्याचेच पैसे मोजले. त्याच ढलप्या उन्हात वाळून शेकडा २० ओलीवर आल्या की वजन सुमारे ६२ किलो भरते. हिरव्या ढलपीचा एक किलो सुमारे १९०० कॅलरी (मोठ्या) उष्णता देतो, वाळलेल्या ढलपीचा एक किलो सुमारे ३४००. वजनावर विकत घेणाऱ्याने हा हिशेब मनात ठेवावा. आम्ही तर म्हणू की ढलप्या घमेल्याच्या किंवा ब्रासच्या मापाने घ्याव्यात, वजनाने नव्हे.

पण हिशेब इथे संपत नाही. पाणी उकळून घालवण्यात जाते ती उष्णता तोट्याचा लहान भाग आहे. मोठा तोटा धुराचा. ओले लाकूड जाळ धरत नाही, नुसते धुमसते. आणि लाकडातला जो वायू ज्योतीत जळायला हवा तो तसाच धूर होऊन निघून जातो. तो धूर म्हणजे न जळलेले जळण होय. ते छपराला काजळी होऊन चिकटते, आणि उरलेले चुलीपुढच्या माणसाच्या छातीत जाते.

सर्वांत चांगली रीत अशी, की आधी लाकूड वाळवावे आणि मग त्याच्या ढलप्या कराव्यात. भाताची मळणी झाली की नाताळच्या आगेमागे झाडे तोडावीत. (आपल्या जमिनीतले झाड असले तरी त्या जातीला परवानगी लागते का, हे वनखात्याकडे आधी विचारून घ्यावे.) तोडलेले झाड पानांसकट दोन-तीन आठवडे तसेच पडू द्यावे. पाने सुकेपर्यंत खोडातले पाणी ओढत राहतात, आणि हे काम फुकट होते. पाने झडली की फांद्या साळून, मनगटाहून जाड असतील त्या फोडून, दोन आडव्या ओंडक्यांवर जमिनीपासून उंच रचाव्यात. साल असलेले गोल लाकूड महिनोन्‌महिने ओले राहते. एकदा उभे फोडले की वारा आत शिरतो. एप्रिलपर्यंत ते ढलप्या करण्याजोगे होते.

इथे यंत्रवाला कुरकुर करील. वाळलेल्या लाकडाने पाती लवकर बोथट होतात आणि धूळ उडते, म्हणून त्याला हिरवे लाकूड हवे असते. त्याचेही खोटे नाही. आणि यंत्र आपल्या सोयीने नव्हे, त्याच्या फेरीने येते. तेव्हा ज्यांना हिरव्याच्याच ढलप्या कराव्या लागतील त्यांनी एवढे करावे: पाने वेगळी काढावीत, ढलप्यांचा ढीग एक रात्रही तसाच ठेवू नये, आणि दुसऱ्या दिवशीच त्या सारवलेल्या खळ्यावर चार बोटांपेक्षा जाड नाही अशा पसराव्यात. दिवसातून दोनदा दाताळ्याने वरखाली कराव्यात. एप्रिल-मेच्या उन्हात आठवडाभरात त्या बऱ्यापैकी वाळतात. संध्याकाळी वळवाच्या पावसाची लक्षणे दिसली तर मध्यभागी ओढून ताडपत्री टाकावी, आणि सकाळी ऊन येताच पुन्हा पसराव्यात. भात वाळवण्याची आपली जी रीत आहे तीच ही, फक्त कोंबड्या हाकलाव्या लागत नाहीत.

वाळल्या की नाही हे कसे ओळखावे? मूठभर ढलप्या काचेच्या कोरड्या बरणीत घालून झाकण घट्ट लावून दोन तास उन्हात ठेवाव्यात. आतून काचेवर घाम आला तर ढलप्या अजून ओल्या आहेत. याहून पक्के पाहायचे तर बरोबर एक किलो ढलप्या तोलून घ्याव्यात, चुलीच्या उबेवर दोन-तीन दिवस, वजन उतरायचे थांबेपर्यंत, वाळवाव्यात आणि पुन्हा तोलाव्यात. ८०० ग्रॅम किंवा जास्त भरल्या तर आधीची ओल शेकडा २० च्या आत होती, साठवायला हरकत नाही. ७०० भरल्या तर खळ्यावर परत. वाळलेल्या ढलप्यांत ओल्या मिसळू नयेत. ओल्यांची ओल सुक्यांत जाते, आणि शेवटी सगळाच माल बुरसटतो.

जंगलातून पालापाचोळा किंवा सरपण आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. माकडताप हा आजार १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळला. २०१५ मध्ये तो गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात दिसला, म्हणजे तो आपल्या उंबऱ्याशी आहे. गोचिडी चावून तो होतो, आणि त्याचे दिवस साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमके आपले लाकूडतोडीचे. अंगभर कपडे घालावेत, पाचोळ्यावर बसू नये, जंगलात माकड मेलेले दिसले तर आरोग्य केंद्राला कळवावे, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे उकळत्या पाण्यात टाकावेत. एकाएकी जोराचा ताप आणि डोकेदुखी झाली तर जंगलात गेल्याचे डॉक्टरांना सांगावे.

कोठे आणि किती साठवावे

एक घनमीटर भरीव लाकडाच्या ढलप्या केल्या की त्यांना सुमारे अडीच घनमीटर जागा लागते. हे न कळल्यामुळे लोक छप्पर लहान बांधतात आणि उरलेला माल पावसात राहतो. वाळलेल्या ढलप्यांचा एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, साधारण सहा-सातशे किलो भरतो. पाच माणसांच्या घरात चुलीला आणि न्हाणीला मिळून दिवसाला सहा किलो धरले तर पावसाळ्याच्या १२० दिवसांना ७२० किलो लागतात. म्हणजे एका घराला ब्रासभर, थोडे वरच. आपल्या घरचे जळण एक आठवडा तोलून पाहावे आणि हा आकडा आपल्यापुरता दुरुस्त करून घ्यावा. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस लांबतो. त्यांनी महिनाभराचे अधिक ठेवावे.

साठवणाची जागा म्हणजे वर पक्के छप्पर आणि बाजूंना मोकळा वारा, एवढेच खरे सूत्र. जमिनीपासून वीतभर उंच बांबूंचे किंवा जुन्या फळ्यांचे तळ करावे, मध्ये फटी ठेवाव्यात. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून ती बाजू तट्ट्याने किंवा पत्र्याने बंद करावी, आणि पूर्व-उत्तर बाजूंना बांबूच्या उभ्या कांबी किंवा जाळी लावावी. छप्पर तीन फूट पुढे काढावे. ढीग कमरेपेक्षा उंच करू नये आणि त्यावर चढून तुडवू नये. तुडवले की हवेच्या वाटा बुजतात. बारीक भुसा चाळून वेगळा ठेवावा, कारण तोही त्या वाटा बंद करतो. एका बाजूने भरावे आणि दुसऱ्या बाजूने काढावे, म्हणजे जुना माल आधी जळतो.

ज्यांना छप्पर घालणे शक्य नाही त्यांनी कांदे-बटाट्यांच्या जाळीच्या पिशव्यांत भरून पडवीत एकावर एक टेकून ठेवाव्यात. गोणपाटही चालते. खताच्या पोत्यात आतली प्लास्टिकची पिशवी असते ती काढल्याशिवाय मुळीच भरू नये. ताडपत्रीच वापरायची असेल तर ती ढिगावर आवळून नव्हे, तर वर आडवा बांबू बांधून त्यावरून माळवाच्या मांडवासारखी टाकावी, बाजू उघड्या ठेवाव्यात.

बंद खोलीत ढलप्या कोंबण्याचा मोह होतो, तो टाळावा. साठवलेले लाकूड हवेतला प्राणवायू शोषते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडते. त्याला रंग नाही, वास नाही. भुसा दाबून केलेल्या गोळ्या घेऊन स्वीडनमधल्या हेलसिंगबोर्ग बंदरात २००६ साली एक जहाज आले होते. माल उतरवताना जिन्याच्या बंद वाटेत उतरलेल्या एका माणसाचा या वायूने जीव गेला. आपली कोठी जहाजाएवढी नसते, तरी महिनाभर बंद राहिलेल्या जळणाच्या खोलीचे दार उघडून थोडा वेळ थांबावे आणि मगच आत जावे. लहान मुलांना तिथे लपंडाव खेळू देऊ नये.

घराच्या भिंतीला लागून ढीग रचू नये. वाळवी तिथूनच घरात चढते, आणि उंदरांमागून साप येतो. फुरसे, मण्यार, घोणस यांना अशी ऊबदार अडचण फार आवडते. भिंतीपासून दोन हात अंतर ठेवले की मागे जाऊन पाहता येते. ढलप्या हाताने ओढू नयेत. फावड्याने भराव्यात, अंधारात बॅटरी घ्यावी. साप चावलाच तर आवळून बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ न दवडता ज्या दवाखान्यात सर्पविषावरची लस आहे तिथे तडक न्यावे. वाळवीसाठी जळणावर कीटकनाशकाची पूड टाकणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ती पूड शेवटी चुलीतून आपल्याच ताटावर आणि नाकात येते.

जाळताना

साध्या तीन दगडांच्या चुलीत ढलप्या नीट जळत नाहीत. त्या एकावर एक बसून हवा अडवतात आणि धूर होतो. चुलीत लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे खालून वारा मिळतो, आणि एका वेळी मूठ-दोन मुठीच टाकाव्यात. न्हाणीच्या बंबाला ढलप्या उत्तम. त्याला जाळी आणि धुराडे दोन्ही असतात. भुशासाठी आपल्याकडची जुनी डब्याची शेगडी अजूनही चांगली: डब्याच्या तळाशी बाजूला भोक, मध्ये बाटली उभी धरून भोवती कोरडा भुसा ठासायचा, भोकातून एक आडवी काठी बाटलीपर्यंत घालायची, मग दोन्ही अलगद काढून घ्यायच्या आणि खालून पेटवायचे. नीट ठासली तर काही तास एकसारखी जळते. पण ही शेगडी हिवाळ्यात ऊब म्हणून निजायच्या खोलीत घेऊन दारे लावू नयेत. वर सांगितलेला विषारी वायू इथेही असतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही.

काय जाळू नये तेही सांगतो. काजूच्या बियांच्या टरफलात जे तेल असते त्याने कातडीला फोड येतात. त्याचा धूर डोळे आणि घसा भाजतो. कारखान्यांच्या भट्ट्यांना उंच धुराडी असतात, आपल्या चुलीला नाहीत. प्लायवूड, रंग दिलेल्या खिडक्या, आणि वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेले हिरवट लाकूड वखारीच्या ढलप्यांत मिसळून येते. त्यातल्या काही औषधांत आर्सेनिक असते. ते जाळू नये आणि त्याची राख माडाला घालू नये.

चुलीच्या धुराविषयी या पानावर पूर्वीही लिहिले गेले आहे. एवढेच पुन्हा सांगतो की जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली गेली, आणि त्यांत पाच वर्षांखालील बालके दोन लाखांहून अधिक होती. लहान मुलांचा न्यूमोनिया, बायकांचा जुनाट दमा आणि मोतीबिंदू यांचे धुराशी नाते आहे. वाळलेली ढलपी, जाळी आणि धुराडे या तिन्हींनी धूर कमी होतो. नाहीसा होत नाही. म्हणून ज्या घरी सिलिंडर आहे त्यांनी तो पाहुण्यांसाठी राखून ठेवू नये. रोजचा स्वयंपाक त्यावर करावा आणि ढलप्या न्हाणीला ठेवाव्यात.

बुरसटलेल्या ढिगाचे काय करावे, असे मागच्या पावसाळ्यात दोघा-तिघांनी विचारले. तो घराबाहेर, दिवसा, वाऱ्याकडे पाठ करून उपसावा. उपसण्याआधी झारीने थोडे पाणी शिंपडावे म्हणजे पूड उडत नाही. नाकावर एन-९५ मुखपट्टी बांधावी. ओला रुमाल किंवा पदर या कामी पुरेसा नाही, कण त्यातून जातात. मग तो माल पुन्हा वाळवून जाळण्याच्या भानगडीत न पडता माडाच्या आळ्यात किंवा काजूच्या बुंध्याभोवती, खोडापासून हातभर लांब, चार बोटे जाड पसरावा. ओल टिकते आणि तण कमी येते. जमिनीत मात्र तो नांगरून मिसळू नये. कुजताना तो जमिनीतला नत्र ओढून घेतो आणि त्या हंगामाचे पीक पिवळे पडते. आमचा २०२१ चा सगळा ढीग शेवटी असाच चर्चमागच्या माडांखाली गेला.